हलक्या प्रतीचा रॉक टम्बलर: दगड घालण्याआधी काय तपासायचं, काय बदलायचं

ओबडधोबड अकीकाचा तुकडा घोटून त्याला जिल्हई आणायला रॉक टम्बलरला (दगड, पाणी आणि घासणारी पूड भरलेला ड्रम दोन रुळांवर फिरवणारं यंत्र) कमीत कमी चार आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस तो रात्रंदिवस फिरता ठेवायचा असतो. एक घाणा म्हणजे ६७२ तास. आपल्या घरातल्या मिक्सरवर ‘३० मिनिटे रेटिंग’ असं छापलेलं असतं. छंदाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या बहुतेक स्वस्त टम्बलरमधली मोटर त्याच जातकुळीची असते, फक्त खोक्यावर तसं लिहिलेलं नसतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात यंत्र बंद पडतं आणि अर्धवट घासलेले दगड ड्रममध्ये चिखलात रुतून बसतात.

आपल्याकडे या छंदासाठी दगडांची कमतरता नाही. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांमध्ये सिलिका साठून तयार झालेला अकीक, कॅल्सेडनी आणि जास्पर जळगाव, जालना, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, पुणे या जिल्ह्यांत शेताच्या बांधावर आणि नदीच्या पात्रात सापडतो. अडतं ते यंत्रापाशी. चांगल्या बांधणीचे टम्बलर परदेशातून मागवावे लागतात, ते महाग पडतात, आणि हाताशी येतात ते प्लॅस्टिकच्या सांगाड्याचे. पण या यंत्रात बिघडणाऱ्या जागा मोजक्याच असतात: मोटर, पट्टा, रुळांचे बुश (रुळाचा दांडा, म्हणजे शाफ्ट, ज्यात फिरतो ती नळकांडी) आणि ड्रमचं झाकण. चारही जागा घरी तपासता येतात आणि बहुतेक दुरुस्त्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या मालावर होतात. चांगला असायला हवा तो ड्रम, बाकी सगळं बदलता येतं. ड्रम जाड रबराचा असेल तर हलकं यंत्रही ठेवण्यासारखं असतं. ड्रम पातळ प्लॅस्टिकचा असेल आणि परत करण्याची मुदत शिल्लक असेल, तर सरळ परत करा.

पहिली चाचणी ग्रिटशिवाय

यंत्र खोक्यातून काढलं की लगेच ग्रिट, म्हणजे दगड घासणारी कार्बोरंडमची पूड, ओतू नका. एकदा कार्बोरंडम आत गेलं की गळती झालेली प्रत्येक जागा घासली जाते आणि विक्रेताही वस्तू परत घेत नाही. त्याऐवजी ड्रम दोन तृतीयांश गुळगुळीत गोट्यांनी भरा, गोट्यांच्या वरच्या थराखाली दिसेल इतकं पाणी घाला, झाकण लावा, बाहेरून पुसून कोरडा करा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. आकडा लिहून ठेवा. आता यंत्र ४८ तास चालवा.

२४ तासांनी ड्रम काढून पुन्हा वजन करा. ५ ग्रॅमपेक्षा जास्त घट आली असेल तर झाकण गळतंय, डोळ्यांना थेंब दिसो वा न दिसो. मोटरच्या उष्णतेने गळालेलं पाणी वाळून जातं, म्हणून खाली डाग नाही याचा अर्थ गळती नाही असा होत नाही.

फेऱ्या मोजायला ड्रमवर खडूने एक रेघ मारा आणि मिनिटभर मोजा. आधी रिकामा, मग भरलेला. भरल्यावर फेऱ्या दहा टक्क्यांहून जास्त कमी झाल्या तर कुठेतरी घसरण आहे किंवा मोटर कमजोर आहे. कुठे ते ओळखणं सोपं आहे. मोटरची पुली फिरते आणि रुळाची पुली अडखळते, तर पट्टा घसरतोय. रूळ फिरतो आणि ड्रम अडखळतो, तर रुळावरचं रबर घसरतंय. मोटरचीच गती पडते, तर मोटर कमी ताकदीची आहे.

दोन तासांनी, मग सहा तासांनी, प्लग काढून मोटरच्या अंगावर हात ठेवा. तीन सेकंद हात टिकला तर ठीक. चटका बसून हात मागे घ्यावा लागला तर ही मोटर महिनाभर टिकणार नाही. जळका वास किंवा प्लॅस्टिक मऊ पडलेलं आढळलं तर चाचणी तिथेच थांबवा.

खोक्यावर लिहिलेली क्षमताही नीट वाचा. ‘३ पौंड’ म्हणजे दगड, पाणी आणि ग्रिट मिळून सुमारे १.३६ किलो. तेवढे दगडच भरले तर भार जवळजवळ दीडपट होतो, आणि बऱ्याच मोटरी याच चुकीमुळे जळतात.

बुश आणि शाफ्ट

सगळ्यात आधी झिजते ती ही जागा, आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही. दोन्ही रुळांचे शाफ्ट सांगाड्यात बसवलेल्या नायलॉनच्या छोट्या बुशमध्ये फिरतात. पंधरवड्याने शाफ्टचं टोक पाहा. बुशच्या कडेला काळ्या पेस्टचं कडं जमलेलं दिसेल. बोटावर घेऊन चोळलं तर कचकच लागते. ते नुसतं तेल नव्हे. त्यात शाफ्टचं लोखंड आहे आणि ड्रममधून ओघळून आलेलं कार्बोरंडमही आहे. ग्रिटचे कण मऊ नायलॉनमध्ये रुतून बसतात आणि मग ते बुशच शाफ्टला कापू लागतं. झीज बुशपेक्षा पोलादाची जास्त होते, शाफ्टला गळा पडतो, भोक लंबगोल होतं आणि रूळ खडखडू लागतो. अशा बुशवर वरून तेल सोडलं तर घासणारी पेस्ट आणखी पातळ होऊन आत जाते. आधी शाफ्ट बाहेर काढा, रॉकेलने बुश आणि टोक दोन्ही स्वच्छ करा, सुती चिंधीने पुसा, मगच २० किंवा ३० नंबरच्या साध्या यंत्रतेलाचा एक थेंब टाका. खोबरेल तेल वापरू नका. थंडीत २४ अंशांच्या खाली ते गोठतं आणि एरवीही चिकट होतं.

शाफ्ट वर-खाली हलवून पाहा. अर्ध्या मिलिमीटरहून जास्त खेळ दिसला तर बुश बदलण्याऐवजी बॉल बेअरिंगवर जा. शाफ्टची जाडी व्हर्नियरने मोजा. ८ मिमी असेल तर ६०८ नंबरचं बेअरिंग बसतं: आतून ८, बाहेरून २२, जाडी ७ मिमी. १० मिमी शाफ्टला ६००० नंबरचं लागतं: १०, २६, ८. दुकानदाराला ‘२आरएस’ म्हणून सांगा. त्याला दोन्ही बाजूंनी रबरी सील असतं. ‘झेडझेड’ला पत्र्याचं कवच असतं आणि त्याच्या फटीतून चिखल आत जातो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला आणि पुण्यात बोहरी आळीत हे नंबर सांगितले की पुरतं.

सांगाड्याला गोल भोक पाडून बेअरिंग ठोकण्यापेक्षा पायाचं तयार बेअरिंग, म्हणजे पिलो ब्लॉक, घेणं सोपं आहे. ८ मिमीसाठी केपी०८, १० मिमीसाठी केपी०००. मूळ प्लॅस्टिकचा सांगाडा बाजूला ठेवा आणि १८ मिमी जाड वॉटरप्रूफ प्लायचा ३० बाय २५ सेंमीचा तुकडा पाया म्हणून घ्या. चारही ब्लॉक बोल्ट सैल ठेवून बसवा, शाफ्ट ओवा, बोटाने फिरवा. सहज फिरत असेल तरच आवळा. आवळताना प्रत्येक बोल्टनंतर पुन्हा फिरवून पाहा, कारण एक ब्लॉक केसभर तिरका बसला तरी शाफ्ट जड होतो.

दोन शाफ्टमधलं अंतर दोन्ही टोकांना सारखं हवं, फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. नाहीतर ड्रम हळूहळू एका बाजूला सरकतो आणि सांगाड्याला घासत राहतो. सरकण्याचं दुसरं कारण म्हणजे पाया समपातळीत नसणं, म्हणून लेव्हल-बाटली लावून घ्या. इतकं करूनही थोडं सरकतंच. त्या बाजूला ड्रमच्या तळाला टेकेल असं एक सुटं ६०८ बेअरिंग उभ्या स्क्रूवर बसवा. ड्रम त्यावर टेकून फिरत राहतो आणि काही झिजत नाही.

अंतर किती ठेवायचं? ११० मिमी व्यासाचा ड्रम आणि २० मिमी जाडीचे रूळ असतील तर शाफ्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत ६५ ते ७५ मिमी. याहून जवळ आणले तर ड्रम उडी मारून बाहेर पडतो, फार लांब नेले तर तो खाली रुतून बसतो आणि मोटरवर ओझं वाढतं.

रुळांवरचं रबर

हलक्या यंत्रात शाफ्टवर पातळ पीव्हीसीची नळी चढवलेली असते. ती ओली झाली की ड्रम जागच्या जागी घसरतो. त्याऐवजी वाहनांच्या दुकानात मिळणारी पेट्रोलची रबरी नळी घ्या, आतला व्यास शाफ्टइतका. नळीत साबणाचं पाणी सोडून ती शाफ्टवर सरकवा, साबण वाळेपर्यंत रात्रभर तसंच ठेवा, मग दोन्ही टोकांना इन्स्टंट गोंदाचा एकेक थेंब द्या. नळी बदलली की रुळाचा व्यास बदलतो आणि त्याबरोबर ड्रमची गतीही. १४ मिमीचा रूळ २० मिमीचा झाला तर ड्रम ४३ टक्के जोरात फिरेल. हे लक्षात न घेतल्यामुळे चांगल्या हेतूने केलेली दुरुस्ती दगड फोडते. त्याबद्दल पुढे येईलच.

पट्टा

यंत्राबरोबर येणारा काळा रबरी पट्टा म्हणजे बहुधा साधी ओ-रिंग असते. मोटरच्या उष्णतेने ती आठ-पंधरा दिवसांत ताणून सैल होते किंवा तिला तडे जातात. यावर दोन चांगले उपाय आहेत. शिलाई मशीनचा गोल चामडी पट्टा कुठल्याही गावात मिळतो, तारेच्या आकड्याने जोडता येतो, आणि सैल झाला की इंचभर कापून पुन्हा जोडता येतो. आकड्यापाशी मात्र प्रत्येक फेरीत टक्-टक् आवाज येतो आणि लहान पुलीवर तो उसळतो. दुसरा उपाय पीयूच्या (पॉलियुरेथेनच्या) हिरव्या गोल पट्ट्याचा. ४ किंवा ५ मिमी जाडीचा पुरतो. त्याची टोकं तापलेल्या सुरीच्या पात्यावर दोन्ही बाजूंनी टेकवायची, वितळून कडेला मणी आला की पातं काढून टोकं सरळ रेषेत दाबून मिनिटभर धरायची, थंड झाल्यावर बाहेर आलेला मणी ब्लेडने छाटायचा. दीर्घकाळासाठी हाच पट्टा घ्यावा.

लांबी अंदाजाने कापू नका. दोन पुलींच्या मध्यांमधलं अंतर दुप्पट करा, त्यात दोन्ही व्यासांच्या बेरजेची १.५७ पट मिळवा, आणि व्यासांच्या फरकाचा वर्ग भागिले त्याच मधल्या अंतराची चौपट हेही मिळवा. २५ आणि १५० मिमीच्या पुली १४० मिमी अंतरावर असतील तर २८० अधिक २७५ अधिक २८, म्हणजे सुमारे ५८३ मिमी. पीयू पट्टा ताणात राहावा म्हणून यातून सहा टक्के वजा करा: ५४८ मिमी. याहून आखूड केला तर ताण मोटरच्या बेअरिंगवर जातो आणि मोटर तापू लागते.

पुली शाफ्टवर बारीक ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) बसवलेली असते. गोल शाफ्टवर तो स्क्रू फिरतो. कानशीने शाफ्टवर छोटा सपाट भाग करा, स्क्रू त्यावर आवळा आणि थ्रेड लॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) थेंब द्या.

मोटर

स्वस्त यंत्रांत दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे १२ व्होल्टची डीसी मोटर, प्लॅस्टिकच्या गिअरसकट, भिंतीतल्या अडॅप्टरवर चालणारी. तिचे कार्बन ब्रश झिजतात आणि गिअरचे दात एकेक करून गोल होतात. आधी ‘कर्र’ असा अधूनमधून आवाज, मग मोटर फिरते पण रूळ नाही. ती दुरुस्त करत बसू नका. दुसरा प्रकार म्हणजे पंख्यासारखी शेडेड-पोल एसी मोटर. तिला ब्रश नसतात, त्यामुळे ती मुळात टिकाऊ असते, फक्त बंद प्लॅस्टिकच्या पेटीत घुसमटते. पेटीच्या मागच्या आणि खालच्या बाजूला भोकं पाडा, १२ व्होल्टचा ८० मिमीचा संगणकाचा पंखा वेगळ्या अडॅप्टरवर लावा. एवढ्यानेच तिचं आयुष्य वाढतं. वरच्या बाजूला भोकं पाडू नका, ड्रमचं गळालेलं पाणी थेट वायंडिंगवर जाईल.

अमेरिकेतून नातेवाइकांकरवी यंत्र मागवणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. तिथलं यंत्र ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचं असतं. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतो, हर्ट्झ बदलत नाही. आपल्या ५० हर्ट्झवर ती मोटर सुमारे १७ टक्के हळू फिरते, जास्त करंट ओढते आणि तिचा थंड करणारा पंखाही मंदावतो. म्हणजे तापणं तिन्हीकडून वाढतं. अशा यंत्रात पहिल्या दिवसापासून वेगळा पंखा लावा किंवा मोटरच बदला.

बदलायची असेल तर २३० व्होल्टची सिंक्रोनस गिअर मोटर घ्या, १४ वॅटच्या आसपासची, धातूच्या गिअरची. ती थोडी गरम राहतेच, त्याला घाबरायचं कारण नाही. कधी ती उलट दिशेने सुरू होते. ड्रमला दिशेने फरक पडत नाही. लेबलवर किलो-सेंमीत टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लिहिलेला असतो. दीड किलोच्या आतल्या ड्रमला मिनिटाला ११० फेऱ्यांच्या मोटरवर सुमारे सव्वा किलो-सेंमी लागतो. घर्षण धरून ३ तरी असू द्या.

धातूचा सांगाडा असेल तर तीन पिनांचा प्लग लावून अर्थिंगची तार सांगाड्याला जोडाच, आणि अर्ध्या अँपिअरचा फ्यूज घाला. पाणी आणि २३० व्होल्ट एकाच फळीवर आहेत. वायरिंगचा सराव नसेल तर एवढं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

आणखी एक अडचण आपल्याकडची. पुष्कळ डिजिटल टायमरवाल्या यंत्रांत वीज जाऊन आली की टायमर शून्यावर येतो आणि यंत्र बंदच राहतं. लोडशेडिंगच्या भागात अशा यंत्राचं नियंत्रण काढून साधं बटण बसवणं बरं. दिवसभर यंत्र बंद राहिलं तर चिखल तळाला गच्च बसतो. पुन्हा सुरू करण्याआधी ड्रम हातात घेऊन आतला गोळा सुटेपर्यंत हलवा, नाहीतर एकाच बाजूला वजन येऊन मोटर अडते.

किती जोरात फिरवायचा

ड्रमची गती म्हणजे मोटरच्या फेऱ्या गुणिले मोटरच्या पुलीचा व्यास भागिले रुळाच्या पुलीचा व्यास, गुणिले रुळाचा व्यास भागिले ड्रमचा व्यास. १३५० फेऱ्यांची मोटर, २५ आणि १५० मिमीच्या पुली, २० मिमीचा रूळ, ११० मिमीचा ड्रम: मिनिटाला सुमारे ४१ फेऱ्या. ही गती चांगली.

वरची मर्यादा भौतिकशास्त्राने ठरवलेली आहे. ४२.३ ला ड्रमच्या आतल्या व्यासाच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाने भागलं की ज्या गतीला दगड भिंतीला चिकटून गोल फिरू लागतात ती गती मिळते. ११ सेंमीला ती १२७ येते. काम चालतं ते त्याच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत, साधारण ४० ते ६०. ‘वेग वाढवा, दगड लवकर तयार’ अशी जाहिरात करणारी यंत्रं वरच्या वेगावर दगड आपटतात. अकीकावर चंद्रकोरीच्या आकाराचे बारीक पांढरे डाग दिसू लागतात, आणि ते कुठल्याही पॉलिशने जात नाहीत. पुन्हा पहिल्या ग्रिटवर जावं लागतं. वेगाचं बटण असेल तर सगळ्यात खालच्या वेगावर ठेवा.

ड्रम आणि झाकण

झाकण गळण्याचं कारण बहुतेक वेळा ओठावर चिकटलेले ग्रिटचे दोन-चार कण असतात. झाकण लावण्याआधी ड्रमचा ओठ आणि झाकणाची खाच ओल्या बोटाने पुसा, मग कोरड्या फडक्याने, आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं. नट पान्याने आवळू नका. जास्त आवळल्यावर झाकणाची तबकडी मधे खोलगट होते, कडा वर उचलली जाते, आणि गळती वाढते.

ड्रम फुगून झाकण वर आल्यासारखं दिसलं तर आत गॅस साठलाय. सुरुवातीचे काही दिवस दिवसातून एकदा झाकण उघडून बंद करा, हवं तर अर्धा चमचा खाण्याचा सोडा घाला.

कडक प्लॅस्टिकचा ड्रम आवाज करतो हा त्याचा लहान दोष. मोठा दोष असा की ग्रिट त्याच्या भिंतीत रुतून बसतं आणि शेवटच्या पॉलिशच्या वेळी सुटून ओरखडे पाडतं. असा ड्रम पहिल्या टप्प्यापुरता ठेवा.

पुढच्या टप्प्यांसाठी घरी ड्रम करता येतो. ११० मिमीचा जाड, ३.२ मिमी भिंतीचा पीव्हीसी ड्रेनेज पाइप १५ सेंमी कापा. एका टोकाला कॅप सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवा, दुसऱ्या टोकाला आट्यांचं झाकण येणारा तुकडा. २४ तास वाळू द्या, मग पाणी भरून उलटा ठेवून पाहा. कॅप पाइपपेक्षा जाड असते, म्हणून ड्रम दोन कॅपांच्या मधल्या भागावर टेकेल अशी रुळांची लांबी ठेवा. नुसत्या गुळगुळीत पीव्हीसीत दगड उलटेपालटे न होता घसरत राहतात आणि एका बाजूने चपटे होतात. त्यासाठी आतून ३ मिमी रबरी शीटचं अस्तर द्या. आतला व्यास १०३.६ मिमी धरला तर पट्टी ३१६ मिमी येते. ३१७ कापून कडा तिरक्या छाटा आणि दाबून बसवा. स्वतःच्या ताणाने ती घट्ट राहते, गोंद लागत नाही आणि धुवायला बाहेर काढता येते.

पहिला खरा घाणा

आता ग्रिट. आपल्या बाजारात कार्बोरंडम पावडर नंबराने मिळते: ८०, २२०, ६०० (नंबर जितका मोठा तितकी पूड बारीक). शेवटच्या चकाकीसाठी सेरियम ऑक्साइड, जे काच आणि दुर्बिणीचे आरसे घोटणारे वापरतात. दीड किलोच्या आतल्या ड्रमला प्रत्येक टप्प्यात चार मोठे चमचे सपाट, ८० नंबरचं असेल तर सुमारे ९५ ग्रॅम. १० ते ३५ मिमीचे लहानमोठे दगड मिसळा, ड्रम दोन तृतीयांश ते पाऊण भरा. पाणी वरच्या थराच्या जरा खाली. ड्रम निम्म्यापेक्षा कमी भरला तर दगड एकमेकांवर आपटतात. कमी पडले तर चिनी मातीच्या गोळ्या घालून भरा.

सात दिवसांनी उघडा. अकीकाला पहिला टप्पा दोन-तीनदाही करावा लागतो. खड्डे गेल्याशिवाय पुढे जाऊ नका, बारीक ग्रिट खड्डे भरून काढत नाही. मग २२० ला सात दिवस, ६०० ला सात, पॉलिशला सात. प्रत्येक टप्प्यानंतर दगड, ड्रम, झाकणाची खाच जुन्या टूथब्रशने धुवा, आणि पॉलिशआधी चमचाभर साबणाचा कीस आणि पाणी घालून काही तास फिरवा. पॉलिश होऊनही दगड मंदच राहिला तर आधी झाकणाच्या खाचेवर संशय घ्या, तिथेच जाडं ग्रिट लपलेलं असतं.

अकीक, जास्पर, गारगोटी यांचा कठीणपणा मोझच्या १ ते १० च्या मापावर ६.५ ते ७ असतो, ते एकत्र चालतात. जळगाव-नाशिककडचे स्टिल्बाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट हे ३ ते ५ च्या दरम्यानचे. ते या ड्रममध्ये भुकटी होतात, त्यांना स्फटिक म्हणूनच कपाटात ठेवा. साधा काळा बेसाल्टही गुळगुळीत होतो, पण त्याला आरशासारखी चमक येत नाही.

विजेची काळजी नको: १५ वॅट गुणिले ६७२ तास म्हणजे जेमतेम १० युनिट. आवाजासाठी यंत्र रबरी चटईवर, गॅलरीत, पावसाच्या झडीपासून आत ठेवा.

चिखलाची विल्हेवाट

धुतलेला चिखल बेसिनमध्ये किंवा मोरीत ओतू नका. पाइपच्या वळणात बसून तो दगडासारखा घट्ट होतो आणि मग पाइप कापावा लागतो. बादलीत धुवा, एक दिवस निवळू द्या, वरचं पाणी झाडांना घाला. खालचा गाळ ओला असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.

ओला असतानाच, कारण वाळलेल्या गाळात बारीक सिलिका असते आणि ती श्वासातून आत गेली की फुप्फुसात राहते. गुजरातेत खंबातला कोरडा अकीक घासणाऱ्या कारागिरांमध्ये सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजाराचं प्रमाण मोठं आहे, ते याच धुळीमुळे. टम्बलरचं काम ओलं असल्यामुळे सुरक्षित आहे, पण सांडलेला चिखल वाळून त्यावर केरसुणी फिरवली तर ते सुरक्षित राहत नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडकं बादलीतच धुवा. दगड ग्राइंडरवर कोरडा कापू नका, आणि ग्रिटची पिशवी उघडताना एन-९५ मास्क लावा.